गिटारचं आडनाव

आपल्याकडे नवीन माणूस भेटला की आधी नाव विचारतात, मग आडनाव, मग गाव. आडनाव कळलं की समोरचा एक बारीकसा ‘हं’ म्हणतो. त्या ‘हं’मध्ये सगळं आलं! बिचाऱ्या माणसाने अजून धड तोंडही उघडलेलं नसतं, पण त्याचा हिशेब करून झालेला असतो. गिटारवाल्यांच्या जगातही अगदी हेच चालतं, बरं का. कुणी कव्हरची चेन उघडून गिटार बाहेर काढली की पहिला प्रश्न ‘काय वाजवतेस?’ असा नसतो. तो असतो, ‘कुठली आहे?’ मग नाव ऐकून तोच ‘हं’.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, लेडीज हॉस्टेलवर राहते आणि चार वर्षं गिटार वाजवतेय. (‘वाजवतेय’ या शब्दाला शेजारच्या रूमचा आक्षेप आहे.) शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी विभागात लेख देते म्हटल्यावर मैत्रिणींनी डोळेच मोठे केले. पण विषय घरचा आहे. यंदा आपल्या म्युझिक क्लबसाठी दोन अकूस्टिक गिटारी घ्यायच्या ठरल्यात. त्यावर तीन मीटिंगा झाल्या, कडाक्याची भांडणं झाली, दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, आणि गिटार मात्र एकही आलेली नाही. भांडण कशावरून? आडनावावरून! म्हणून म्हटलं, ही आडनावं आहेत तरी काय आणि त्यांच्यावरून इतकं का तापतं, ते एकदा नीट मांडावं.

तीन मोठी घराणी

स्टीलच्या तारांच्या गिटारींमध्ये अमेरिकेतली तीन घराणी फार मोठी. पहिलं मार्टिन. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा कारागीर १८३३ मध्ये जर्मनीहून न्यूयॉर्कला आला आणि काही वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या नॅझरेथ गावी स्थिरावला. कंपनी आजही तिथेच आहे. गिटारच्या वरच्या फळीला आतून इंग्रजी ‘एक्स’च्या आकारात पट्ट्या चिकटवायची पद्धत, म्हणजे एक्स ब्रेसिंग, मार्टिनने १८४० च्या दशकात वापरायला सुरुवात केली. १९१६ मध्ये त्यांनी एका दुसऱ्या कंपनीसाठी रुंद कमरेची एक मोठी गिटार बनवली आणि तिला ब्रिटिश युद्धनौकेवरून ‘ड्रेडनॉट’ हे नाव पडलं. आपल्या हॉस्टेलमधल्या बहुतेक मोठ्या अंगाच्या गिटारी आकाराने याच वंशातल्या, मग त्यांच्यावर नाव काही का असेना.

दुसरं घराणं गिब्सन. ऑर्व्हिल गिब्सन हा मिशिगनमधल्या कलामाझू गावचा, कंपनी १९०२ ची. त्यांची जे-४५ ही १९४२ ची गिटार आजही गाणी लिहून स्वतःच गाणाऱ्यांची लाडकी आहे. तिसरं टेलर, त्या मानाने कालचं पोर. १९७४ मध्ये बॉब टेलर आणि कर्ट लिस्टग या दोन तरुणांनी एका भागीदारासह कॅलिफोर्नियात ते सुरू केलं.

भक्तांची भाषा ठरलेली. मार्टिनवाले म्हणतात, ‘आमचा बेस बघा, घुमतो कसा!’ गिब्सनवाले म्हणतात, ‘आमचा आवाज कोरडा आणि खणखणीत, त्यात फुकटचा गोडवा नाही.’ टेलरवाले म्हणतात, ‘आमची वाजवायला सोपी.’ इथपर्यंत ठीक आहे. पण मग गाडी पुढे जाते. टेलर म्हणे ‘मशीनने बनवलेली, आत्मा नसलेली’, मार्टिन म्हणे ‘म्हाताऱ्यांची’, आणि गिब्सन म्हणे ‘नुसती नावाची’. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तिन्हीपैकी एकही हातात घेतलेली नसते! मार्टिनच्या डी-२८ ची किंमत अमेरिकेतच तीन हजार डॉलरच्या वर आहे. आपल्यापैकी बहुतेकांची ओळख फक्त व्हिडिओतून. तरी भांडतो मात्र घरातली इस्टेट असल्यासारखे.

आडनाव एक, माणसं वेगळी

आता गंमत बघा. ‘मार्टिनचा आवाज’ म्हणतात तेव्हा नेमका कुठल्या मार्टिनचा? गिटारच्या सहा तारा मिळून वरच्या फळीवर साधारण ७० किलोचा ताण देतात. म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस ब्रिजला सतत लोंबकळतोय असं समजा. फळी मात्र जेमतेम तीन मिलिमीटरची. आतल्या पट्ट्या जाड ठेवल्या तर फळी फुगत नाही, पण हलतही नाही, म्हणजे आवाज मरतो. पट्ट्या बारीक केल्या तर आवाज खुलतो, पण काही वर्षांत फळीला पोट सुटतं. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आपण शिकलोय की पट्टीचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात जातो. उंची निम्मी केली की ताठपणा एक अष्टमांश. म्हणजे रंध्याच्या दोन-चार हातांत गिटार बदलून जाते.

पूर्वी मार्टिनवाले या पट्ट्या मधे खोलगट तासायचे. लोक जाड तारा लावायला लागले, फळ्या फुगायला लागल्या, तेव्हा १९४४ च्या अखेरीस त्यांनी ते तासणं थांबवलं. १९७६ मध्ये एचडी-२८ या मॉडेलवर ते परत आणलं. गिब्सननेही १९७० च्या दशकात दोन-दोन एक्स टाकून आतलं काम भक्कम केलं, आणि कट्टर गिब्सनभक्तसुद्धा आज त्या काळातल्या गिटारींना नाक मुरडतात. फॅक्टर ऑफ सेफ्टी वाढला आणि आवाज गेला! हेडस्टॉकवरचं नाव मात्र तेच राहिलं. थोडक्यात, ब्रँड हे नाव आहे, स्पेसिफिकेशन नव्हे.

याच्या उलटही झालंय. एपिफोन ही एके काळी गिब्सनची कडवी स्पर्धक. १९५७ मध्ये ती गिब्सनच्याच मालकांनी विकत घेतली. त्यानंतर १९७० पर्यंत एपिफोनच्या गिटारी कलामाझूच्या त्याच कारखान्यात बनत होत्या. छप्पर एक, कारागीर तेच, लाकूड तेच, फक्त हेडस्टॉकवर नाव वेगळं. तरी एपिफोन म्हणजे ‘धाकटी पाती’! पॉल मॅकार्टनीने १९६५ मध्ये ‘यस्टर्डे’ रेकॉर्ड केलं ते या धाकट्या पातीच्या ‘टेक्सन’ गिटारवर. त्याला कुणी विचारलं असेल का हो, ‘कुठली आहे?’

वाळीत टाकलेल्या

घराणी आली की वाळीत टाकणंही आलंच. यातली पहिली केस आपल्या ब्रँचची आहे. चार्ल्स कामान हा हेलिकॉप्टर बनवणारा इंजिनिअर आणि हौशी गिटारवादक. हेलिकॉप्टरमध्ये कंपनं कशी मारायची हे त्याच्या लोकांना ठाऊक होतं. त्याने विचार उलटा फिरवला, की मग कंपनं टिकवायची कशी? १९६६ मध्ये त्याच्या कंपनीने ओव्हेशन नावाची गिटार आणली. वरची फळी लाकडाची, पण पाठ ग्लासफायबरच्या कंपोझिटची आणि परातीसारखी गोल. ग्लेन कॅम्पबेलने ती टीव्हीवर वाजवली, स्टेजवाल्यांनी उचलून धरली. पण शुद्धतावादी लोकांचं मत एका शब्दात, ‘प्लास्टिक!’ मांडीवरून घसरते ही तक्रार रास्त आहे, मला मान्य. पण ‘प्लास्टिक’ ही तक्रार कानाची नाही, डोळ्यांची आहे.

दुसरी यामाहा. ‘मोटरसायकलवाले गिटार काय बनवणार?’ हे वाक्य मी आपल्याच कट्ट्यावर ऐकलंय. खरं तर उलटं आहे. तोराकुसू यामाहाने १८८७ मध्ये सुरुवात केली ती रीड ऑर्गनपासून, म्हणजे आपल्या पेटीच्या भावंडापासून. मोटरसायकल आली १९५५ मध्ये. गाडीच्या टाकीवरचा तो लोगो नीट बघा, एकमेकांवर ठेवलेले तीन ट्यूनिंग फोर्क आहेत. म्हणजे वाद्यवाल्यांनी गाड्या बनवल्या, गाडीवाल्यांनी वाद्यं नव्हे. त्यांची ‘एफजी’ मालिका १९६६ पासून चालू आहे, आणि जगभरात किती जणांनी पहिला कॉर्ड तिच्यावर धरला असेल ते मोजणं अवघड.

तिसरा मुद्दा बोल्टचा. टेलरने नेक बोल्टने जोडायला सुरुवात केली, तेव्हा ‘बोल्ट म्हणजे स्वस्तातलं काम’ अशी ओरड झाली. मार्टिनची पारंपरिक पद्धत डव्हटेल जॉइंट आणि सरसाची. पण वर सांगितलेला ७० किलोचा माणूस वर्षानुवर्षं लोंबकळत असतो, त्यामुळे नेकचा कोन हळूहळू बदलतो आणि एक दिवस ती काढून परत बसवावी लागते. डव्हटेल असेल तर वाफ देऊन सरस सोडवा, घासा, परत चिकटवा. बोल्ट असेल तर पाना फिरवा. मेंटेनन्सच्या पेपरात हा प्रश्न आला तर आपण सगळेच बोल्टच्या बाजूने लिहू. गिटार म्हटली की मात्र बोल्ट लगेच हलक्या कुळातला होतो.

आणि चौथी केस खुद्द मार्टिनचीच. त्यांच्या ‘लिटल मार्टिन’ या छोट्या गिटारची पाठ आणि बाजू एचपीएलच्या असतात. एचपीएल म्हणजे कागदाचे थर रेझिनमध्ये दाबून केलेला पत्रा. सोप्या मराठीत सांगायचं तर आपल्या स्टडी टेबलवरचा सनमायका. ‘ही कसली मार्टिन!’ म्हणून भक्तांनी कपाळाला हात लावला. एड शीरनने मात्र तीच गिटार घेऊन स्टेडियमं भरवली.

पण मला सगळ्यात भारी वाटते ती मूळ मार्टिनची गोष्ट. जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शनमध्ये मार्टिन कुटुंब फर्निचरवाल्या सुतारांच्या संघात होतं, आणि गिटारी हेच सुतार बनवायचे. व्हायोलिनवाल्यांच्या संघाला ते खपेना. वाद्य बनवणं ही कलाकारांची गोष्ट, त्यात सुतारांचं काय काम, असं म्हणत ते भांडत राहिले. या भांडणाला कंटाळून देश सोडलेल्या सुताराचं नाव आज सगळ्यात खानदानी समजलं जातं! आणि त्याचेच भक्त आता दुसऱ्यांना विचारतात, ‘कुठली आहे?’

डोळ्यांवर गॉगल

एवढं सगळं आवाजासाठी चाललंय ना? मग फक्त आवाज ऐकून फरक कळतो का, हे कुणी तपासलंय का? तपासलंय. इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्याच एका नामवंत गिटारकाराकडून, रॉजर बकनॉलकडून, सहा गिटारी बनवून घेतल्या. सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं. ब्राझिलियन रोझवुड, भारतीय रोझवुड, महॉगनी, मेपल, सापेले आणि वॉलनट अशी सहा लाकडं. मग ५२ गिटारवादकांना अंधुक उजेडात वेल्डिंगचे गॉगल घालून त्या वाजवायला दिल्या. (आपल्या वर्कशॉपमधल्या गॉगलचा इतका चांगला उपयोग होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.) २०१८ मध्ये निकाल छापून आला. सहाही गिटारींना मार्क जवळजवळ सारखेच. महाग लाकूड म्हणून जास्त मार्क, असं काही नाही. डोळे झाकल्यावर एक गिटार दुसरीपासून वेगळी ओळखणंसुद्धा बहुतेकांना जड गेलं.

यात आपला एक धागा आहे. ‘भारतीय रोझवुड’ म्हणजे आपला शिसव. जुन्या वाड्यांतले शिसवी पलंग, शिसवी कपाटं ज्याची असतात तोच. ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधनं आणली तेव्हा, १९६९ च्या सुमारास, मार्टिनने डी-२८ साठी दक्षिण भारतातला शिसव घ्यायला सुरुवात केली. तेव्हापासून जाणकारांचा एक वर्ग ‘अरेरे, इंडियन!’ म्हणून हळहळतोय आणि जुन्या ब्राझिलियन गिटारींसाठी वाटेल ती किंमत मोजतोय. १९९२ पासून तर ब्राझिलियन रोझवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ बंदीच आहे, त्यामुळे भाव आणखी चढले. गॉगल घातल्यावर मात्र आपला शिसव आणि त्यांचं सोनं एकाच रांगेत. गंमत म्हणजे आपल्याकडचे लोकही ‘इंपोर्टेड लाकूड आहे का?’ असं विचारतात. अहो, तिकडचे लोक आपल्याकडून इंपोर्ट करतात!

बॉब टेलरने तर १९९५ मध्ये याहून मजेशीर उत्तर दिलं. कारखान्यात सामान ठेवायचं एक टाकाऊ लाकडी पॅलेट पडलं होतं, फोर्कलिफ्टने उचलतात ना, तसलं. त्यातून त्याने एक गिटार बनवली. पाठ आणि बाजू पॅलेटच्या ओकची, वरची फळी तुकडे जोडून केलेली. फ्रेटबोर्डवर आठवण म्हणून फोर्कलिफ्टचं चित्र जडवलं आणि गिटार प्रदर्शनात मांडली. ती चांगली वाजते हे बघून लोक चाट पडले. त्याचं म्हणणं एवढंच, की लाकडाच्या कुळापेक्षा कारागिराचा हात मोठा.

मग असं का होतं?

यात कुणी खोटं बोलत नसतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्याला मार्टिन गोड लागते त्याला ती खरंच गोड लागते. फक्त तो गोडवा कानात तयार होतो की डोक्यात, हा प्रश्न आहे.

१९५६ मध्ये जॅक ब्रेम नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. विद्यार्थिनींना काही घरगुती उपकरणं दाखवली, त्यांना मार्क द्यायला सांगितलं, मग त्यातल्या दोनांपैकी एक निवडून घरी न्यायला सांगितलं. निवड झाल्यावर परत मार्क विचारले. निवडलेल्या वस्तूचे मार्क वाढले, नाकारलेल्या वस्तूचे घटले. वस्तू त्याच, बाई तीच, मधे फक्त ‘ही माझी’ असं ठरलं. आता उपकरणाच्या जागी गिटार ठेवा, आणि ती घरी भांडून, वाढदिवस आणि दिवाळी एकत्र करून, वर्षभराचा पॉकेटमनी साठवून घेतलेली गिटार ठेवा. तिला कमी मार्क देणं म्हणजे स्वतःला मूर्ख म्हणणं. ते कोण म्हणेल?

शिवाय ब्रँड म्हणजे टोळी. कुणाची गाणी ऐकतो, कुणासारखं व्हायचंय, हे सगळं त्या एका नावात येतं. त्यात वाईट काही नाही. पण टोळी झाली की बाहेरचे कोण तेही ठरतं, आणि त्रास तिथे सुरू होतो.

विली नेल्सनचं उदाहरण मला म्हणूनच आवडतं. १९६९ मध्ये घेतलेली एक मार्टिन एन-२० तो आजवर वाजवत आलाय. पिक घासून घासून फळीला एक जादा भोक पडलंय. त्याची निष्ठा मार्टिनवर आहे असं मला नाही वाटत. ती त्या एका गिटारवर आहे, तिचं नाव ‘ट्रिगर’. आडनावावरचं प्रेम वेगळं आणि माणसावरचं वेगळं.

आमच्या शाळेच्या चॅपलमध्ये एक सिस्टर गिटार वाजवायच्या. हेडस्टॉकवरचं नाव केव्हाच पुसलं गेलं होतं. दहा वर्षांत ते नाव काय होतं असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आम्ही सगळ्या गात होतो ना!

फरक असतो, पण कुठे?

हे वाचून कुणी म्हणेल, मग काय सगळ्या गिटारी सारख्याच? अजिबात नाही. फरक असतो, फक्त तो हेडस्टॉकवर लिहिलेला नसतो.

पहिला फरक लांबीचा. गिब्सनची स्केल, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंतची तारेची लांबी, बहुधा २४.७५ इंच म्हणून ओळखली जाते. टेलरच्या मोठ्या गिटारींची २५.५ इंच. तार तीच आणि सूर तोच ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात जातो. आकडे टाकून बघा, छोट्या स्केलवर ताण साधारण ६ टक्के कमी येतो. बोटांना तार मऊ लागते. हा फरक खरा आहे, डोळे झाकूनही कळतो. दुसरा फरक वरच्या फळीचा, ती अखंड लाकडाची की प्लायची. तिसरा तारांच्या वयाचा. जुन्या, घामट तारांमध्ये वरचे हार्मोनिक्स मरतात, आणि मग कुठलीही गिटार पत्र्याच्या डब्यात कापूस भरल्यासारखी वाजते. नव्या तारा काही शे रुपयांत येतात.

चौथा फरक सगळ्यात महत्त्वाचा, ॲक्शनचा. ॲक्शन म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची. याबद्दल एक खरी हकीकत सांगते. आमच्या मजल्यावर फर्स्ट इयरची एक मुलगी आहे. तिच्या बाबांनी ॲडमिशन झाल्यावर तिला एक साधी, कमी किमतीची गिटार घेऊन दिली. नाव सांगत नाही, कारण नावावरूनच सगळं घडलं. पहिल्याच आठवड्यात कॉमन रूममध्ये कुणीतरी विचारलं, ‘कुठली आहे?’ तिने सांगितलं. ‘हं. खोका आहे, शिकायला ठीक आहे.’ बस्स. दुसऱ्या दिवसापासून गिटार कपाटावर. दिवाळीपर्यंत कव्हरवर धूळ. कारण विचारलं तर म्हणाली, ‘ताई, माझी बोटं गिटारसाठी बनलेली नाहीत. एफ कॉर्ड वाजतच नाही.’

मी वर्कशॉपमधून व्हर्निअर आणला. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची भरली साडेतीन मिलिमीटर. अडीचच्या आसपास हवी. नेक आधी तपासली, ती सरळ होती. मग भूमिती सोपी आहे. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे १ मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल खालून २ मिलिमीटर घासायचं. समरूप त्रिकोण, दहावीचं गणित! कार्पेंट्री शॉपच्या काकांनी पॉलिश पेपर दिला, सपाट फळी दिली आणि ‘घाई करू नकोस, घासलेलं परत येत नाही’ हा सल्ला दिला. नटच्या खाचाही उंच होत्या. एफ कॉर्डचा खरा छळ तिथूनच होतो. पण त्याला बारीक कानशी लागतात, म्हणून ते काम गावातल्या दुरुस्तीवाल्याकडून करून घेतलं.

जादू वगैरे काही झाली नाही. आवाज अजूनही थोडा बंद-बंदच आहे, कारण फळी प्लायची आहे. पण एफ वाजला. आता रात्री अकरापर्यंत वाजत असतो आणि रेक्टर मॅडम माझ्याकडे बघतात. त्या मुलीची बोटं चांगली होती, गिटारही तशी बरी होती. तीन महिने वाया गेले ते फक्त एका ‘हं’ने.

तर आता क्लबच्या गिटारी

ब्रँडला काहीच अर्थ नाही असंही मी म्हणणार नाही. चांगल्या कंपनीचं लाकूड नीट वाळवलेलं असतं, दहा गिटारींपैकी दहा साधारण सारख्या निघतात, सुटे भाग मिळतात आणि पुढे विकताना भाव येतो. दुकानात न जाता, न वाजवता घ्यायची वेळ आली तर नावावर विश्वास ठेवणं शहाणपणाचंच. आडनाव पत्र पाठवायला उपयोगी पडतं, नाही का? फक्त त्यावरून माणूस जोखू नये.

शिवाय आपल्या हॉस्टेलचा पावसाळा लक्षात घ्या. अखंड लाकडाच्या गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैमध्ये आपल्याकडे टॉवेलसुद्धा वाळत नाहीत. अशा हवेत अखंड फळी पाणी पिऊन फुगते, ॲक्शन चढते. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते कमी फुगतात. म्हणजे दहा हातांत फिरणाऱ्या, कुलूप नसलेल्या खोलीत राहणाऱ्या क्लबच्या गिटारीला ‘हलकी’ मानली जाणारी प्लायची पाठच जास्त शोभेल. वरची फळी तेवढी अखंड घेऊ आणि कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकू.

माझा प्रस्ताव असा आहे. पुढच्या रविवारी दुकानात जाऊ. बजेटमध्ये बसणाऱ्या पाच-सहा गिटारी निवडू. दुकानदारांना विनंती करून सगळ्या नीट ट्यून करून घेऊ, आणि ॲक्शन मी मोजते. प्रत्येक हेडस्टॉकवर मोजा चढवू. वाजवणाऱ्याने पाठ करून बसायचं, ऐकणाऱ्यांनी चिठ्ठीवर मार्क लिहायचे, एकमेकांशी बोलायचं नाही. नंतर वाजवणाऱ्यांनी डोळे मिटून हातात घेऊन बघायच्या आणि मार्क द्यायचे. फर्स्ट इयरच्या दोघांचं मत आपल्याइतकंच मोजायचं, कारण त्या गिटारी आपल्यापेक्षा जास्त वर्षं त्यांनाच वाजवायच्या आहेत. बेरीज झाली की मोजे काढायचे. जे नाव निघेल ते निघेल, त्यावर चौथी मीटिंग नको.

ज्यांना यायचं आहे त्यांनी आपापला मोजा आणावा. कृपया धुतलेला.